नोंद गटातली दोन नावं

सकाळच्या बॅचला भारती नावाच्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, गटात एकच माणूस असेल तर गट करायचा कशाला?" फळ्यावर मी तीन चौकोन काढले होते. पहिल्यात माणसांचे गट, दुसऱ्यात फायलींचे गट, आणि तिसऱ्यात कुठल्या माणसांनी कुठल्या फायलींना काय करायचं ते, म्हणजे नुसतं वाचायचं की लिहायचंही. सावेडीतल्या या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी हे वर्षभर शिकवतोय, झोपेतून उठवलं तरी सांगेन. मी म्हणालो, उद्या माणसं वाढतील म्हणून. ती म्हणाली, "आणि आधी जास्त असतील, नंतर काढली असतील तर? ते कळतं का सर?" खरं उत्तर साधं होतं. नाही कळत. काढलेलं नाव दिसत नाही, त्याची जागासुद्धा राहत नाही, पुढचं अक्षर सरकून तिथं येतं. हे मी सांगितलंही, बऱ्यापैकी शांतपणे सांगितलं, पण खडूचा हात फळ्यावर टेकलेला होता तो मला काढता येईना. पोरं वहीत उतरवून घेत होती, 'काढलेलं नाव दिसत नाही'. पंख्याचा आवाज येत होता. मार्चमध्येच नगरला असं ऊन तापतं की खिडकीचे गजसुद्धा धरवत नाहीत. मी बॅच वीस मिनिटं आधी सोडली आणि टेबलाच्या खणातून फ्लॉपी काढून शर्टाच्या खिशात ठेवली. दुपारी दोनला कामगार न्यायालयात माझी साक्ष होती आणि तोपर्यंत, खरं सांगायचं तर, मी काय बोलणार हे मलाच ठाऊक नव्हतं.

समन्सवर माझं नाव नीट टाइप केलं होतं. प्रवीण भिंगारदिवे, तत्कालीन संगणक विभाग. तत्कालीन हा शब्द मला आवडला. जणू त्या वेळचा प्रवीण भिंगारदिवे कुणी दुसरा होता आणि त्यानं केलेलं त्याच्याकडे राहिलं. बोलावलं होतं पुष्पावतीच्या वकिलानं. पुष्पावती म्हणजे साखर कारखान्यात माझ्या हाताखाली ऊस नोंदीच्या टेबलावर बसणारी रोजंदारीवरची बाई. काष्टीजवळच्या एका वस्तीवर भावाकडे राहायची, नवऱ्यानं नांदवली नव्हती. बारावी पास, अक्षर मोत्यासारखं, म्हणून शेतकी खात्यातून तिला आमच्याकडे पाठवलं होतं. आली तेव्हा टर्मिनलपुढे चप्पल काढून बसली. मी म्हटलं, अहो बाई, देऊळ नाही हे. तर म्हणे, "असू द्या सर, सगळ्या शिवाराचं नशीब हाय ह्याच्यात." खंडेनवमीला सगळ्या कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची, बॉयलरपासून वजनकाट्यापर्यंत, तेव्हा हिनं आमच्या टर्मिनलला हळदकुंकू वाहिलं आणि कीबोर्डच्या फटीत कुंकू गेलं. मी चिडलो, ब्रशनं साफ करत बसलो. ती बाजूला उभी राहून हसत होती. त्या दिवशी तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर वाढली आणि नंतर माझ्याच बाटलीतलं पाणी प्याली. आमच्या त्या ऑफिसात मी बौद्ध आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि बाटल्या ज्याच्या त्याच्या होत्या. तिनं बाटली खाली ठेवली, तोंड पुसलं आणि पुन्हा नोंदींना लागली. पण मी ते विसरलो नाही, आणि विसरलो नाही तरी पुढं जे केलं ते केलंच.

तिला मी काय शिकवलं असेल तर हे की यंत्रावर विश्वास ठेवायचा. तिच्या हातून एकदा एका शेतकऱ्याचं क्षेत्र चुकलं, तर ती म्हणाली, सर, हे आपोआप झालं असंल. मी तिला फाडून खाल्लं. आपोआप काही होत नाही बाई, म्हटलं, यंत्र आपण सांगू तेवढंच लिहितं, चुकतो तो माणूस. मला तेव्हा ते फार मोठं वाक्य वाटायचं. तिनं मान डोलवली आणि तेव्हापासून प्रत्येक नोंद दोनदा वाचून मगच ती एंटरचं बटण दाबायची, ओठ हलवत, जपासारखी.

आता नोंद म्हणजे काय हे सांगितलं पाहिजे, कारण तिथंच सगळं अडकलंय. ऊस कधी लावला ती लागणीची तारीख शेतकऱ्यानं कारखान्यात नोंदवायची, आणि हंगामात त्या तारखेच्या क्रमानं तोड द्यायची. आधी लावला त्याचा आधी. उशिरा तोड मिळाली की ऊस वाळतो, तुरा येतो, आणि रान पुढच्या पिकाला मोकळं होत नाही. म्हणजे तालुक्यातली निम्मी भांडणं त्या एका तारखेत बसलेली. पूर्वी ती जाड वहीत असायची आणि वहीला खाडाखोड दिसायची. शहाण्णव साली कारखान्यानं युनिक्सवर चालणारं संगणकाचं यंत्र घेतलं, त्याला नऊ टर्मिनल, आणि तारखा वहीतून यंत्रात आल्या. कुणी काय बघायचं आणि कुणी काय बदलायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मला. शाळेत दरवर्षी जूनमध्ये गुरुजी यादी घेऊन यायचे आणि म्हणायचे, स्कॉलरशिपवाले उभे राहा, आणि आम्ही सात जण उभे राहायचो, बाकीचे बसून बघायचे. पुढं वसतिगृहाची यादी, फी माफीची यादी, मुलाखतीची यादी. सगळा जन्म दुसऱ्यानं केलेल्या यादीत उभं राहण्यात गेलेला. आणि आता यादी मी करणार होतो. आठ दिवस मी त्या कामात अक्षरशः न्हाऊन निघालो. गट पाडले. वजन गट, नोंद गट, बिल गट, साहेब गट. फायलींचेही गट पाडले. मग ओळी लिहिल्या: वजन गटानं नोंदीच्या फायली फक्त वाचायच्या, नोंद गटानं वाचायच्या आणि लिहायच्या, साहेब गटानं सगळं वाचायचं पण लिहायचं काही नाही. ही शेवटची ओळ लिहिताना मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू. आणि ज्या फायलीत ह्या ओळी होत्या, ती फाइल लिहिण्याचा हक्क एकट्या मला.

एकच गोष्ट मी आळसानं केली. आळसानं म्हणजे आमच्या ऑफिसच्या रीतीनं केली. आमच्याकडे माणूस मोजत नाहीत, टेबल मोजतात. नोंदीचं टेबल, बिलाचं टेबल. आज या टेबलावर कुलकर्णी, उद्या रजा टाकली की तिथं शेळके, पासवर्ड काचेखाली चिठ्ठीवर. म्हणून कुणी काय बदललं याची जी नोंद यंत्र स्वतः ठेवायचं, त्यात मी माणसाचं नाव नाही घातलं, गटाचं घातलं. 'नोंद गटानं बदल केला, तारीख अमुक, वेळ तमुक.' टेबल कळलं म्हणजे झालं, असं मला वाटलं. शिकलेला माणूस होतो ना मी.

माझा बाप कर्जत तालुक्यातल्या एका गावचा कोतवाल. तीस वर्षं त्यानं तलाठ्याचं दप्तर डोक्यावरून वाहिलं, लाल कापडात बांधलेलं, चावडीतून कचेरीत आणि कचेरीतून चावडीत. दप्तराच्या पेटीची चावी त्याच्या करगोट्याला असायची. त्याला अक्षर येत नव्हतं. कुणी बडा माणूस चावडीत येऊन म्हणाला, जरा उघड रे ते, की हा उघडून द्यायचा आणि दाराबाहेर जाऊन बसायचा. आत कोण काय खोडतंय, काय लिहितंय, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. लहानपणी मी एकदा विचारलं, तुम्ही बघत का नाही, तर म्हणाले, "आपलं काम न्यायचं आन् आनायचं. बघायचं त्याचं तो बघंल." मला त्या उत्तराची शरम वाटायची, कॉलेजात असताना तर मित्रांना मी सांगायचो की वडील महसूल खात्यात आहेत. पण त्यांना निदान वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि तरीही ऑक्टोबरमध्ये राधाकृष्ण माझ्या टेबलाशी आला तेव्हा मी उघडून दिलं.

राधाकृष्ण म्हणजे शेतकी अधिकाऱ्यांचा खास माणूस. पद कारकुनाचं, पण साहेबांच्या केबिनमधल्या टर्मिनलवर हाच बसायचा. फार गोड बोलायचा. "भिंगारदिवे, तेवढं माझं नाव नोंद गटात टाका. साहेबांना कधी अर्जंट दुरुस्ती लागती." मी म्हटलं, लेखी द्या. तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लेखीच पायजे व्हय तुमाला? मग साहेबांनाच बोलावतो इथं." साहेबांना कशाला, म्हटलं मी, आणि टाकलं नाव. पुष्पावतीच्या नावापुढं स्वल्पविराम, मग राधाकृष्ण. दहा सेकंदांचं काम. तिला सांगायचं मनात आलं होतं, पण जेवणाची सुट्टी झाली आणि राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणतो.

जानेवारीत अकरा शेतकरी नोंदीच्या पावत्या घेऊन कारखान्यावर आले. त्यांचा ऊस उभा, आणि त्यांच्यामागून दीड महिन्यानं लावलेला एका संचालकाच्या मेव्हण्याचा ऊस तुटून गाळपसुद्धा झालेला. यंत्रात त्या मेव्हण्याची लागणीची तारीख सगळ्यांच्या आधीची होती. दोन दिवस गेट बंद राहिलं. चौकशी समिती नेमली. यंत्रातला कागद काढला तर, तारीख बदलली नोंद गटानं, अमुक दिवशी दुपारी सव्वाबाराला. आता नोंद गटात कोण कोण, ते उद्या छापून द्या, असं समितीनं सांगितलं. त्या संध्याकाळी पाच वाजता शेतकी अधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, आणि खूप वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "भिंगारदिवे, यादी जरा साफ करून घ्या. नको ती नावं असतात." मी चहाचा कप उचलला. ते म्हणाले, "तुमच्या समाजाच्या माणसाला एवढ्या विश्वासाच्या जागी बसवलं, तेव्हा मंडळात पुष्कळ जण बोलले होते. मी तुमच्या बाजूनं होतो." चहाचा कप माझ्या हातात होता. तो मी त्यांच्या तोंडावर फेकला, असं मी गेली दोन वर्षं रोज अंघोळ करताना मनात करतो. प्रत्यक्षात मी चहा प्यालो, बशी खाली ठेवली, आणि जाऊन नाव काढलं. स्वल्पविरामसुद्धा काढला. काढायच्या आधी जुनी फाइल फ्लॉपीवर घेतली, का घेतली कोण जाणे, बहुतेक स्वतःला सांगायला की मी अगदीच पडलेला माणूस नाही. सकाळी प्रिंटरवर कागद आला. नोंद गट: पुष्पावती. बस्स. पुढं कोरं.

तिला समितीपुढं बोलावलं तेव्हा मी कोपऱ्यात उभा होतो. तिनं कागद हातात घेतला, दोनदा वाचला, ओठ हलवत. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारेल. तिनं एवढंच विचारलं, "सर, ह्यात दुसरं कुनी न्हाई?" मी म्हणालो, नाही. त्याच आठवड्यात तिला काढलं, आणि तिनं कामगार न्यायालयात केस केली. पुढच्या महिन्यात ती कायम होणार होती, तशी ऑर्डर टाइप होऊन पडली होती, मी पाहिली होती. वर्षभरानं मी नोकरी सोडून नगरला आलो. मन लागत नव्हतं म्हणून सोडली असं घरी सांगतो, आणि बायको शुभांगी म्हणते की शहरात आल्यापासून तुम्ही जास्तच घुमे झालात.

दीड वाजता मी कोर्टाच्या आवारात पोचलो. रिक्षातून येताना ठरवून टाकलं होतं, सगळं सांगायचं. भारतीच्या प्रश्नानं असेल किंवा दुसऱ्या कशानं असेल, पण ठरलं, आणि ठरल्यावर इतकं मोकळं वाटलं की रिक्षावाल्याला मी विनाकारण त्याचं गाव विचारलं. पुष्पावती लिंबाच्या झाडाखाली वकिलांशेजारी उभी होती. वाळली होती. केसात पांढरं दिसत होतं. मला बघून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "आलात सर? बरं झालं. जेवलात का?" मी म्हणालो, मला आधी तुमच्याशी बोलायचंय. आणि तिथंच, उभ्याउभ्या, वकिलांसमोर सांगितलं. राधाकृष्ण, खांद्यावरचा हात, स्वल्पविराम, चहा, फ्लॉपी. बोलताना माझा आवाज चिरकला, डोळ्यात पाणी आलं, त्याची लाज वाटली नाही. उलट वाटलं, येऊ दे.

वकिलांनी फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट केली. म्हातारे होते, सरळ बोलणारे. "ही यादीची फाइल कोण बदलू शकत होतं?" मी म्हणालो, फक्त मी. "अजूनही तशीच फाइल कुणाला करायची झाली तर कोण करू शकेल?" मी म्हणालो, मी. "मग साहेब, पहिली यादी तुमची, दुसरी तुमची, फ्लॉपी तुमची. तुम्ही कारखाना सोडलेला. समोरचा वकील म्हणेल, राग काढायला काल बसून केली. आणि सगळं तुमच्याच हातात होतं तर तारीखही तुम्हीच बदलली कशावरून नाही?" दुसऱ्या कुणाला लिहिता येऊ नये म्हणून एवढा आटापिटा केला होता मी. तरी म्हटलं, मला उभं करा, मी शपथेवर सांगतो, पुढं माझं काय व्हायचं ते होऊ दे. आणि हे मी मनापासून म्हणालो, एवढं तरी कुणी माझ्या पदरात टाकावं.

पुष्पावती इतका वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. ती म्हणाली, "वकीलसाहेब, ह्यांना उभं करू नका." मला वाटलं, रागावली. रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते. पण तिच्या तोंडावर राग नव्हता, जेवण वाढताना असते तशी माया होती. "सर, तुमी लई चांगलं मानूस. मला माहीत हुतं तुमी कायतरी करचाल. पर माझ्यापायी खोटं बोलू नका. शपथ घिऊन तर न्हाईच न्हाई." मी म्हणालो, बाई, खोटं नाही हे, आईशप्पथ, देवाशप्पथ, कशाचीही शप्पथ. ती हसली. "तुमीच शिकिवलं की मला. यंत्र आपन सांगू तेवढंच लिव्हतं. त्या कागदावर माझं एकटीचं नाव हुतं. मी घरी जाऊन लई इचार केला. सव्वाबाराला मी डबा सोडीत हुते का टेबलावर हुते, ते मला आठवंना. मग एक दिस आठवलं. मीच हुते. घाईत माझाच हात पडला आसंल. आता मला ते डोळ्यापुढं दिसतं सर, तारीख दाबतानाचं." तिनं उजव्या हाताची बोटं माझ्यापुढं धरली. मी त्या बोटांकडे बघत राहिलो. दोन वर्षं बसून तिनं ती आठवण तयार केली होती, आणि ती माझ्या खऱ्या गोष्टीपेक्षा जास्त खरी झाली होती.

मग वकिलांनी सांगितलं ते असं: कारखाना तडजोडीला तयार होता. माझी चूक झाली असा माफीनामा पुष्पावतीनं लिहून द्यायचा, केस मागं घ्यायची, आणि कारखाना तिला गेस्ट हाऊसला पोळ्या करायला रोजंदारीवर घेईल. कागद सकाळीच तयार झाला होता, सहीपुरता राहिला होता. मला नुसतं कळवायला थांबली होती ती, सर उन्हातान्हाचे येतील आणि त्यांना कुणी सांगणार नाही म्हणून. मी म्हणालो, सही करू नका. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणताना माझाच आवाज मला ढिला ऐकू आला. आणि मी ते ओळखलं, कारण पोटात, अगदी खाली, मला हायसं वाटायला लागलं होतं. कठड्यावर बसून तिनं मोत्यासारख्या अक्षरात सही केली, आधी दोनदा वाचून.

तेवढ्यात तिचा भाऊ गोरक्षनाथ झेरॉक्स घेऊन आला. उन्हानं रापलेला, टोपी काखेत धरलेला माणूस, मला तो पहिल्यांदाच भेटत होता. ती त्याला म्हणाली, "दादा, हे आमचं सर. माझ्यासाठी सोत्ताच्या अंगावर घ्यायला निघालं हुतं. कोर्टात खोटं बोलाया. मीच नको म्हन्ले." गोरक्षनाथ माझ्याकडे बघतच राहिला. त्यानं झेरॉक्स बहिणीच्या हातात दिल्या, टोपी डोक्यावर घातली, आणि वाकून हात जोडले. "साहेब," तो म्हणाला, "आमच्या भावकीतलं कुनी आलं न्हाई. तुमी परजातीचं आसून आलात." वकील दुसरीकडे बघत होते. पुष्पावती पदरानं डोळे टिपत होती. मला सांगायचं होतं की नाही, तसं नाही. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी हात जोडले आणि म्हणालो, "त्यात काय एवढं."